वरच्या तुकड्याची वाईन

फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसला दोन दारं होती, आणि माझे वडील नेहमी गराजच्या दारानं घरात येत. तिथंच वॉशिंग मशीनपाशी बूट काढायचे, कपडे बदलायचे, कोपरापर्यंत हात घासायचे आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं, असा आईचा नियम होता. तरी वास यायचाच. एकीकडून आईच्या फोडणीतला हिंग आणि दुसरीकडून बाबांच्या कपड्यांचा तो आंबूस, ओल्या लाकडाचा आणि जास्त पिकलेल्या फळांचा वास, असे दोन्ही जिन्याच्या पायथ्याशी एकमेकांना भेटायचे. हिंगाची मला लाज वाटायची ती शाळेतल्या अमेरिकन मैत्रिणींसमोर, आणि बाबांच्या वासाची लाज वाटायची ती मराठी लोकांसमोर. पंधराव्या वर्षी लाज वाटायला तसं काहीच कारण लागत नाही, आणि माझ्याकडे तर दोन-दोन होती.

बाबा वाईन करायचे. आज हे वाक्य लिहिताना काही वाटत नाही, उलट आज कुणाला सांगितलं तर तो खुर्ची पुढे ओढून बसेल. तेव्हा आमच्या ओळखीतले सगळे काका चिप कंपन्यांत नाहीतर हॉस्पिटलांत होते. बाबाही आधी एका चिप कंपनीत केमिस्ट होते. मंदी आली, त्यांचं अख्खं डिपार्टमेंट बंद झालं, आणि बरेच दिवस घरी बसून काढल्यावर ते सांताक्रूझच्या डोंगरातल्या एका लहानशा द्राक्षमळ्यावर कामाला लागले. तात्पुरते म्हणून गेले आणि तिथंच रमले. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला नलूकाकूंनी मला विचारलं, "बाबांना लागली का गं नोकरी?" मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "हो, लॅबमध्ये आहेत. फार्मा कंपनी आहे." आणि घरी येऊन हे आईबाबांना सांगूनही टाकलं, कारण उद्या कुणी विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं. आई काही बोलली नाही, म्हणजे तिला ते सोयीचं वाटलं असावं. बाबा हसले. "अगदीच खोटं नाही ते. आहे की आमच्याकडे लॅब. एक बेसिन, दोन ब्युरेट आणि एक मांजर." त्या हसण्यामागे त्यांना काय वाटलं असेल, हे विचारायचं मला सुचलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

मळा फ्रँक नावाच्या एका म्हाताऱ्याचा होता. आमच्याकडे उन्हानं गवत पिवळं पडलेलं असायचं आणि तासाभराच्या ड्राइव्हनंतर तिथं स्वेटर घालावा लागायचा. डोंगराच्या पलीकडे समुद्र. दुपार कलली की तिकडून धुकं वर चढायचं आणि सकाळी दहापर्यंत हलायचं नाही. बाकी ठिकाणी द्राक्षं गोड होऊन खुडून व्हायची तेव्हा इथली कुठं रंग धरत असायची. त्यातही सगळ्यात वर, कड्याला लागून, एक उतरता तुकडा होता. माती इतकी हलकी की वेली खुरटलेल्या, घड मुठीएवढे. द्राक्ष काळं, पातळ सालीचं, पिनो न्वार जातीचं. "याला ऊन सोसत नाही, पाऊस सोसत नाही, घाई तर मुळीच सोसत नाही," बाबा म्हणायचे, "आमच्या मंजूसारखं." मी रागावून उठून जायचे आणि ते आईला पुढचं सांगत राहायचे. इतकी वर्षं फ्रँक त्या तुकड्याची द्राक्षं खालच्या मळ्यातल्या द्राक्षांत मिसळून टाकत होता. बाबांनी त्याच्या मागे लागून लागून एका वर्षापुरती ती वेगळी ठेवायची परवानगी मिळवली. एकाच तुकड्याची वाईन, पहिल्या घडापासून बाटलीपर्यंत वेगळी, आणि बाटलीवर त्या तुकड्याचं नाव. चांगली झाली तर पुढे दर वर्षी. नाही झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, असं फ्रँकनं बजावलं होतं.

ते वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. बाबा सगळं स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे, बहुधा आईला जिंकून घ्यायला. भल्या पहाटे, द्राक्षं गार असतानाच घड हातानं खुडायचे. काही घड देठासकट तसेच ठेवायचे, बाकीचे देठ काढून उघड्या टाक्यांत टाकायचे. बाहेरचं यीस्ट घालायचं नाही. "सालीवर असतंच ते, आपल्या इडलीच्या पिठाला कुठं काय घालावं लागतं?" चार-पाच दिवस काहीच होत नाही, नुसता रस गार पडून असतो, आणि मग एके सकाळी टाकीला कान लावला की बुडबुड ऐकू येते. साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर लाकडी दांड्यानं सकाळ-संध्याकाळ खाली दाबायचा, कारण रंग आणि चव त्या सालींतच. दोनेक आठवड्यांनी रस निथळून घ्यायचा, साली हलक्या हातानं दाबायच्या आणि सगळं ओकच्या पिपांत भरायचं. वसंतात पिपांच्या आत पुन्हा एकदा हालचाल सुरू होते, कच्चा आंबटपणा मऊ होतो. "दुसरं विरजण," बाबा म्हणायचे. मग थांबायचं. पिपातली वाईन थोडी थोडी हवेत उडून जाते, तेवढी दर आठवड्याला भरून काढायची. आई पोळ्या लाटता लाटता हे सगळं ऐकायची आणि मध्येच विचारायची, "आणि चिंचेसारखं काहीतरी साचतं म्हणालात ते काय?" ते तिला फार आवडलं होतं. पिपाच्या आतून साखरेसारखे खडे धरतात आणि ते आम्ल चिंचेत असतं तेच, हे ऐकल्यापासून तिचा बाबांच्या धंद्यावरचा राग थोडा निवळला होता. थेंब मात्र तिनं कधी तोंडात घेतला नाही.

त्या शरदात आईला एका शनिवारी बँकेत कामावर जावं लागलं म्हणून बाबा मला मळ्यावर घेऊन गेले होते. मी टाकीवरच्या फळीवर उभी राहून तो सालींचा थर दाबला. तो इतका घट्ट होता की आधी दांडा आत जाईचना, आणि मग एकदम खालून गरम वाफ आणि जांभळा फेस वर आला. मला ते खूप आवडलं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे. दुसऱ्या दिवशी मराठी शाळेत मी जांभळे झालेले दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून बसले, आणि बाईंनी फळ्यावर बोलावलं तर पोट दुखतंय म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी गोष्ट बिघडली. एका संध्याकाळी बाबा जॅमच्या बाटलीतून थोडी वाईन घरी घेऊन आले. आई अजून बँकेतून यायची होती. त्यांनी दोन फुलपात्रांत ती ओतली आणि माझ्यापुढे सरकवली. "पिऊ नकोस. नुसता वास घे." मी घेतला आणि नाक दाबलं. सडलेलं अंडं. धुक्याच्या जागी वेलींवर बुरशी फार, म्हणून गंधकाची पूड मारतात, ती खुडणीपर्यंत थोडी राहून गेली असावी, त्यातून हा वास धरतो, असं त्यांनी सांगितलं. लवकर काढला तर निघतो, नाही काढला तर कायमचा मुरतो. तांबं त्याला ओढून घेतं. पण फ्रँकला वाईनमध्ये मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या क्षाराची, पूड मंजूर नव्हती, आणि अमेरिकन पेनीत आताशा तांबं नुसतं वरवर असतं. सहाच्या सहा पिपं खालच्या मळ्याच्या वाईनच्या मोठ्या टाकीत ओतून विषय संपवू, असं तो म्हणत होता. शनिवारपर्यंतची मुदत बाबांनी मागून घेतली होती.

मग ते उठले, देवघरातून तांब्याची पळी घेऊन आले आणि एका फुलपात्रात बुडवून हळूहळू फिरवू लागले. संध्या करताना धरावी तशी धरून. "आता घे." मी घेतला. अंडं नव्हतं. त्याच्या जागी काहीतरी लाल, थंड, पावसात भिजलेल्या झाडाखालच्या मातीसारखं, आणि मागून चेरी. मी दुसऱ्या फुलपात्राचा वास घेतला, मग पुन्हा पहिल्याचा, पुन्हा दुसऱ्याचा. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. इतक्या आशेनं माझ्याकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. "कळलं?" त्यांनी विचारलं. "कळलं," मी म्हणाले. "सगळ्यांना कळत नाही. तुला नाक आहे." तेवढ्यात आईची गाडी आली आणि त्यांनी चटकन पळी धुऊन जागेवर ठेवली. मला वाटलं, आता हे आमच्या दोघांचं गुपित.

शनिवारी सकाळी जिन्यावरून मी बाबांना गराजकडे जाताना पाहिलं. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि कागदातून ताम्हणाची कड दिसत होती. आईचं तांब्याचं ताम्हण, तिच्या आईनं दिलेलं, ज्यात आमच्या देवांना रोज आंघोळ घातली जायची. बाथरूममधून शॉवरचा आवाज येत होता. आई आंघोळीला गेल्याचं बघून बाबांनी ताम्हण लांबवलं, अशीच माझी समजूत झाली. संध्याकाळी ते परत आले तेव्हा ताम्हण पुन्हा देवघरात होतं. रात्री जेवताना त्यांनीच सांगितलं की एका पिपातून दुसऱ्यात भरताना सगळी वाईन नळीनं तांब्यावरून बारीक धारेनं सोडली, एकदाच, कारण जास्त तांबं उतरलं तरी बिघडते. कोणतं तांबं, ते बोलले नाहीत. आईनंही विचारलं नाही. मी मनातल्या मनात त्यांना चोर म्हटलं.

मग गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असायचा आणि त्या वर्षी मंडळातली सात-आठ कुटुंबं आमच्याकडे जेवायला होती. आईनं दोन दिवस आधीपासून मोदकांची तयारी केली होती, ताम्हण-पळी चिंचेनं घासून लख्ख केली होती, ओल्या नारळाऐवजी फ्रोझन नारळ वापरावा लागला म्हणून हळहळली होती. बाबा मात्र आरतीलाच पोचले, कारण नव्या वर्षाची खुडणी त्याच दिवशी सुरू झाली होती. घाईत आले, गराजमध्ये घासघासून हात धुतले, तरी नखं आणि बोटांच्या रेघा जांभळ्याच होत्या. पण चेहरा असा काही उजळला होता की आईनं लांबूनच भुवई उंचावून विचारलं आणि त्यांनी मान हलवली. फ्रँकनं त्या सकाळी सहाही पिपांतली वाईन चाखली होती. वरचा तुकडा वेगळा राहणार होता.

आरती झाली, तीर्थ झालं, पंगत बसायची होती. डॉक्टरकाका, म्हणजे नलूकाकूंचे यजमान, मंडळाचे अध्यक्ष, बाबांचा हात हातात घेऊन मोठ्यानं म्हणाले, "काय हो अरविंदराव, लॅबमध्ये रंगपंचमी खेळता की काय?" सगळे हसले. एरवी बाबा पण हसले असते आणि विषय संपला असता. पण त्या दिवशी त्यांना आनंद मावत नव्हता. "लॅब कसली हो," ते म्हणाले, "मी वाईन करतो." आणि सांगायलाच लागले, धुकं, वरचा तुकडा, पातळ साल, दुसरं विरजण. लोक ऐकत होते. मला आज वाटतं, निम्मे तरी आवडीनं ऐकत होते. डॉक्टरकाका तेवढे म्हणाले, "म्हणजे यार, दारूच्या भट्टीत आहात म्हणा की!" तेही हसतच, टाळी द्यायला हात पुढे करून. पण माझ्याशेजारी त्यांची मुलगी प्रिया उभी होती. प्रियासारखे केस, प्रियासारखे उच्चार, प्रियाशी मैत्री, एवढंच मला त्या वर्षी आयुष्यात हवं होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "यू सेड फार्मा. यू लाइड?"

यानंतर मी जे केलं ते मी आजवर नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही. मला एवढंच कळत होतं की या खोलीत आता दोन बाजू झाल्या आहेत आणि मला बाबांच्या बाजूला उभं राहायचं नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आणि मुद्दाम मराठीत, म्हणजे काकवांनाही समजावं म्हणून, म्हणाले, "बाबांनी देवाचं ताम्हण नेलं होतं तिकडे. त्यात दारू ओतली. हेच ताम्हण. आणि पळी पण."

नलूकाकूंच्या तळहातावर अजून तीर्थाचा ओलावा होता. त्यांनी तो हात साडीला पुसला नाही, नुसता अंगापासून दूर धरला. बाबांचा चेहरा मी पाहिला नाही, कारण माझी हिंमत झाली नाही. त्यांचा आवाज ऐकला. "धुतलं होतं," ते म्हणाले, एवढंच, शाळेत उभ्या केलेल्या मुलासारखं. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला तांदळाची उकड लागलेली होती. "त्यांनी नेलं नाही," ती म्हणाली. "मी दिलं. शुक्रवारी माझ्या हातानं कागदात गुंडाळून ठेवलं. त्यांची वर्षभराची मेहनत वाया चालली होती. तांबं लागत होतं, घरात तांबं होतं, दिलं. आणि आल्यावर मीच चिंचेनं घासलं. ज्यांना चालायचं नाही त्यांनी प्रसाद घेऊ नका, मला वाईट वाटणार नाही." मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता मारते. ती म्हणाली, "मंजू, पानं वाढायला घे."

मी पानं वाढली. लोक जेवले, मोदकांची स्तुतीही झाली, आपली माणसं इतकी वाईट नसतात. पण दुसऱ्या दिवशी विसर्जनाला दोनच कुटुंबं आली, आणि पुढच्या वर्षीपासून मंडळाचं जेवण डॉक्टरकाकांकडे व्हायला लागलं. प्रियाशी माझी मैत्री झाली नाहीच.

बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सांगणं बंद केलं. बूट गाडीच्या डिकीतच ठेवायला लागले, कपडे मळ्यावरच बदलून यायला लागले. घरात फक्त हिंगाचा वास उरला. मला हवं होतं ते अगदी तसंच मिळालं. ताम्हणाला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. त्याऐवजी आजोबांच्या वेळचा एक तांब्याचा पैसा त्यांनी कुठूनसा शोधून काढला आणि तो पँटच्या उजव्या खिशात असायचा. बाटल्या भरल्या गेल्या, त्यांच्यावर वरच्या तुकड्याचं नाव आलं, आणि त्यानंतर दर वर्षी येत राहिलं. हे मला कळलं ते खूप नंतर, एका दुकानात फळीवर बाटली दिसली म्हणून. बाबांनी एकही बाटली घरी आणली नव्हती. आणि माझं ते नाक, ज्याचं त्यांना कौतुक वाटलं होतं, त्याची परीक्षा त्यांनी पुन्हा घेतली नाही.

पंधरा वर्षांची होते, असं म्हणून मी स्वतःला बरीच वर्षं सोडून देत आले. पण मग एक दुपार आठवते, आणि तेव्हा मी चाळीस ओलांडलेली होते, दोन मुलांची आई होते. डॉक्टरकाका रिटायर झाले होते आणि फ्रीमाँटच्या टेकडीवरच्या त्यांच्या नव्या घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. आता मंडळातले सगळेच वाईन प्यायचे. काकांनी तर तळघरात खास गार खोली करून घेतली होती. त्यांनी पातळ काचेचे पेले काढले, बाटली पुसून टेबलावर ठेवली आणि बाबांना म्हणाले, "हे बघा अरविंदराव. कूल क्लायमेट, सिंगल व्हिनयार्ड, पिनो. सगळी द्राक्षं एकाच तुकड्यातली. हे असं करायला काय लागतं माहितीये?" आणि ते आम्हाला धुक्याबद्दल सांगायला लागले.

लेबल दुसऱ्याच कुठल्या मळ्याचं होतं. मी पेला नाकाशी नेला. अगदी बारीक, चेरीच्या खाली दडलेलं, पण होतं. अंडं. मी वर बघितलं. टेबलाच्या पलीकडे बाबांनीही वास घेतला होता, आणि त्यांचा उजवा हात खिशात गेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात दोन फुलपात्रं पुढे सरकवून पाहिलं होतं तसंच.

"तुम्ही त्या लाइनमध्ये होतात ना हो काही दिवस?" डॉक्टरकाका म्हणाले. "सांगा की, कशी आहे?"

बाबांनी हात खिशातून रिकामाच बाहेर काढला. "नाही हो," ते म्हणाले. "मला यातलं काय कळणार? मी लॅबमध्ये होतो."

टेबलाभोवती आम्ही आठ-दहा जण होतो. त्यांचं वाक्य मला एकटीला खोडता आलं असतं, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तो आवाज माझ्याकडे होता, मी तो एकदा वापरलाही होता.

"आणि तुला गं मंजू?" काकांनी विचारलं.

"छान आहे, काका," मी म्हणाले.